रांगेत बाई कितवी?

(अहेरी येथे तरुण कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली वाक्यं जागोजाग तशीच ठेवली आहेत.)

मला बोलावलं होतं कविता वाचायला. कविता आज खिशातच राहू द्या. मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो, शिक्षण मॅट्रिक. डॉक्टर नाही, डॉक्टरचा कंपाउंडरही नाही. तरी आज बोलणार आहे बाईच्या गर्भाशयाच्या कॅन्सरबद्दल, आणि महामारीत जी रांग लागली त्या रांगेत ही बाई कितव्या नंबरावर उभी होती त्याबद्दल. बघा, ‘गर्भाशय’ म्हटल्याबरोबर पुढची चार पोरं चपलेच्या अंगठ्याकडं बघायला लागली. बघा खुशाल. कान तेवढे उघडे ठेवा.

गोदीत तीन पाळ्या असतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. हा शब्द आम्ही दिवसातून वीस वेळा तोंडातून काढतो, मुकादमापुढं ओरडून काढतो. तोच शब्द घरात बाईच्या बाबतीत आला की घरातला मर्द बहिरा होतो. शब्द एकच. एकीची मजुरी मिळते, दुसरीचा विटाळ होतो. विटाळ म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दोन हजार वर्षं आपण तो अंगावर घेतला. भामरागड-एटापल्लीकडं पाळीतल्या बाईसाठी गावाबाहेर कुर्माघर असतं, हे ऐकून शहरातले लोक हळहळतात. त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटात ‘बाजूला बसणं’ असतं, ते त्यांना दिसत नाही. आणि आपल्या बौद्धवाड्यांत? तिथं बाजूला बसवत नसतील, पण विचारत तरी कोण आहे? जिच्या रक्ताचं नाव घ्यायचं नाही, ते रक्त अवेळी सुरू झालं तर तिनं सांगायचं कोणाला?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७३ च्या तिच्या जाहीरनाम्यात दलित कोण, याचं उत्तर आहे. अनुसूचित जाती आहेत, जमाती आहेत, बौद्ध आहेत, भूमिहीन, कष्टकरी, गरीब शेतकरी आहेत, आणि त्याच यादीत स्त्रिया आहेत. पन्नास वर्षं उलटली. आपण जमिनीसाठी मोर्चा काढला, स्कॉलरशिपसाठी काढला, नामांतरासाठी तर माणसं मेली. बाईच्या ओटीपोटासाठी निघालेला मोर्चा मी तरी पाहिलेला नाही. आपले कवी आईवर पानंच्या पानं लिहितात. तिच्या डोक्यावरची पाटी, तिच्या पायाच्या भेगा, तिचं फाटलेलं लुगडं. लुगड्याच्या आत तिला काय होतंय, तिथं कविता थांबते.

बाबासाहेबांना ही लाज नव्हती. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे आला. सभागृहानं तो पाडला. पण बाईच्या गर्भाशयावर पडणारं ओझं हा घरातला कुजबुजीचा विषय नाही, सरकारला जाब विचारायचा विषय आहे, हे त्या दिवशी नोंदवलं गेलं. आज मी इथं बोलतोय ते त्याच नोंदीच्या जोरावर.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या मायबाया जिला पिशवी म्हणतात तिला खाली एक तोंड असतं. तिथं एचपीव्ही नावाचा विषाणू बसतो. शरीरसंबंधातून तो पुरुषाकडून बाईकडं येतो, बाईकडून पुरुषाकडं जातो. बहुतेक जणींच्या अंगातून आपोआप निघून जातो. थोड्या जणींत मुक्काम ठोकतो आणि दहा-पंधरा वर्षांत तिथल्या पेशी बिघडवून कॅन्सर करतो. एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो. तेव्हा ‘हिनं काय केलं असेल’ असं कोणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, नवऱ्यानं काय केलं असेल?

दहा-पंधरा वर्षं, दोस्तांनो. इतकी सवड देणारा मारेकरी दुसरा शोधून सापडायचा नाही. एवढ्या वर्षांत एकदा-दोनदा जरी कोणी तिथं उजेड धरून पाहिलं, तरी कॅन्सर व्हायच्या आधीच बिघडलेली जागा काढून टाकता येते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचा अंदाज सांगतो की २०२२ साली भारतात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका त्यानं मेल्या. सरकारचा कागद २०१६ पासून म्हणतो, तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी करा. आणि सरकारचंच २०१९ ते २१ चं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणतं की तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत आयुष्यात एकदाही तपासणी झालेल्या दोनही निघत नाहीत. कागद एक बोलतो, दुसरा कागद त्याचं थोबाड फोडतो.

मुंबई-पुण्याहून आलेले मित्र म्हणतील, हा कोरोनाचा घोळ. नाही मित्रा. रांग कोरोनाच्या आधीपासून आहे. याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’च्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या. जानेवारी १९८९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार होता, सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून जास्त. आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या किती? शंभरात आठ. ब्याण्णव आजारी, आठ तपासलेल्या. साऱ्या जगानं तो लेख वाचला. त्यावर परिषदा झाल्या, धोरणं बदलली म्हणे. अहेरीच्या बाईला रांगेतून कोणी पुढं बोलावलं नाही.

मग २०२० उजाडलं. २५ मार्चपासून देश बंद. त्या दिवसांत एक शब्द राजा झाला, ‘अत्यावश्यक’. गोदी अत्यावश्यक ठरली. माझ्या गळ्यात पास अडकला. बोटी आल्या, रिकाम्या झाल्या, भरल्या, गेल्या. माझ्यासारख्याचा खांदा अत्यावश्यक होता, खांद्याच्या वरचं डोकं आणि खालचं पोट कोणाला अत्यावश्यक नव्हतं, ते सोडा. पण मी विचार करत होतो, हा शब्द ठरवतो कोण? कोणाच्या टेबलावर ठरतो?

दवाखान्यांत काय झालं त्याचा हिशेब नंतर छापून आला. देशातल्या ४१ कॅन्सर रुग्णालयांनी १ मार्च ते ३१ मे २०२० चे आकडे आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिले. नवे रुग्ण १,१२,२७० वरून ५१,७६० वर आले. निम्म्याहून जास्त माणसं गायब. त्यांचा कॅन्सर काय टाळेबंदी पाळून घरी बसला होता? मोठी ऑपरेशनं निम्म्यावर आली. आणि तपासणी, म्हणजे आजार होण्याआधी शोधण्याचं काम, ते दहातल्या सात केंद्रांत पार बंद पडलं किंवा पाव हिश्शाच्याही खाली गेलं.

आता हे अहेरीच्या जमिनीवर आणून ठेवतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जरा पुढं गेला की ऑपरेशन होत नाही, किरणं द्यावी लागतात. आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे, सोबत केमोचं औषध, आणि शेवटी आतून किरणं. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपवायचं असतं. छप्पन्न दिवस. त्यापुढं लांबलेला एकेक दिवस आजार आटोक्यात येण्याची शक्यता अर्ध्या ते एका टक्क्यानं खाली खेचतो. हे यंत्र तेव्हा अहेरीत नव्हतं, शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या गडचिरोलीतही नव्हतं. नागपूर गाठायचं, अडीचशे किलोमीटरच्या पलीकडं. एसटी बंद झाली २३ मार्चला. सामान्य प्रवाशासाठी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात एसटी पुन्हा धावली २० ऑगस्टला. मोजा बोटावर. दीडशे दिवस. बाईच्या हातात छप्पन्न, एसटी दीडशे दिवस उभी. प्राणहिता ओलांडून तेलंगणात जावं तर नदीवर सीमा. खाजगी गाडी करावी तर ई-पास, आणि ई-पास काढायला मोबाईलमध्ये रेंज पाहिजे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडच तुटतं, तिथल्या बाईचं तर नावच घेऊ नका.

माझी सख्खी आत्या याच तालुक्यातली. तेंदूपत्त्याला जायची, मोहफुलं वेचायची. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. २०२० च्या एप्रिलात पुन्हा रक्त सुरू झालं. फोनवर मला म्हणाली, “बापू, अंगावरून जाऊन रायलं, कोनाले सांगू?” गावात गोळ्या मिळाल्या. कोणाची तरी गाडी करून एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं दारातच सांगितलं, सध्या फक्त तातडीचे, कोरोना संपल्यावर या. तिनं ऐकलं. गरीब बाई सांगितलेलं ऐकते. सप्टेंबरात पुन्हा नेली तेव्हा गाठ ओटीपोटाच्या हाडाला चिकटलेली, मूत्रपिंडाची नळी दबलेली. जानेवारीत गेली. एप्रिलात नीट पाहिलं असतं तर वाचली असती, असं मी छातीठोक सांगत नाही. एप्रिलात आजार कुठवर आला होता हे कोणाला माहीत नाही, कारण कोणी पाहिलंच नाही. कोरोनाच्या मृतांच्या आकड्यात ती नाही. तशा कुठल्याच आकड्यात नाही.

मला कोणी म्हणेल, महामारीत खाटा थोड्या, डॉक्टर थोडे, कोणाला तरी थांबावंच लागणार. मान्य. गोदीतही धक्के मोजके, बोटी जास्त. सगळ्या एकदम लागत नाहीत. पण तिथं रांगेचा एक न्याय आहे. जे नासतं ते आधी उतरवा. लोखंडाची कांब चार दिवस बोटीत पडून राहिली तरी कांबच राहते, भिजलेली डाळ नाही राहत. मालक कितीही मोठा असो, कांब डाळीच्या पुढं घुसवली तर हमालालाही कळतं की इथं वशिला चाललाय.

हाच न्याय जगातल्या स्त्रीरोग-कॅन्सरच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये लिहून काढला. त्यात गूढ काही नाही, आपल्यालाही समजतो. तपासणीत नुसत्या पेशी बिघडलेल्या दिसल्या, कॅन्सर झालेला नाही, तर काही महिने थांबता येतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा सौम्य, सुरुवातीचा कॅन्सर असेल तर हार्मोनच्या गोळ्यांवर काही काळ धरता येतो. तोंडाचा अगदी सुरुवातीचा असेल तर ऑपरेशन सहा-आठ आठवडे पुढं ढकलता येतं. अंडाशयाचा असून पोटात पाणी भरलं असेल तर आधी केमो सुरू करून ऑपरेशन नंतर करता येतं, पण केमो थांबवायची नाही. आणि थांबू शकत नाही ते कोण? जिला धो धो रक्त जातंय ती. जिची लघवीची वाट दबली ती. जिची किरणं सुरू झालीत ती, तिचा एक दिवसही चुकवायचा नाही. आणि पाळी गेल्यावर जिला रक्त आलं तिला फोनवर गोळी सांगून भागत नाही, तिला हात लावून तपासावंच लागतं.

म्हणजे ज्ञान होतं. करून दाखवणारेही होते. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयानं दार बंद केलं नाही. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथं कॅन्सरची ४९४ मोठी ऑपरेशनं झाली. नंतर सहा जणांना कोरोना झाल्याचं निघालं, त्यांतलं कोणी दगावलं नाही. भर मुंबईत, भर साथीत हे जमलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हिशेब आला की कॅन्सरच्या उपचाराला चार आठवडे उशीर झाला तर मरणाचा धोका सहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो. ‘कोरोना संपल्यावर या’ या वाक्याची किंमत अशी टक्क्यांत मोजून मिळते.

मग अहेरीत का जमलं नाही? जंगल आहे, रस्ते नाहीत, असं सांगतात. च्यायला, रस्ते नाहीत? २०२१ पासून सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज ट्रकांवर ट्रक भरून आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यानं गेलं. रस्त्याची चाळण झाली तरी ट्रक थांबला नाही. दगड जंगलातून बाहेर पोहोचतो, बाई पोहोचत नाही. तेव्हा अंतर किलोमीटरचं नाही. ज्याच्यात कोणाचा तरी नफा आहे ते अत्यावश्यक, बाकीच्यांनी थांबावं. हाच या व्यवस्थेचा अग्रक्रम, आणि तो कोरोनानं शिकवलेला नाही.

नफा असला की बाईच्या पिशवीलाही रांग लागत नाही, हेही बघून घ्या. बीडच्या ऊसतोड बायकांचं उदाहरण. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कितीतरी जणींना खाजगी डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली होती. पाळीच्या दिवशी खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून बायकाही तयार झाल्या. जिला कॅन्सर नाही तिची पिशवी पैशासाठी लगेच काढतात. जिला कॅन्सर आहे तिला सांगतात नंतर या. एकाच महाराष्ट्रात, एकाच जातवर्गाच्या बायकांना.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुंबईहून इतक्या लांब आलो ती सांगतो. लक्ष द्या, विशेषतः दहावी पास पोरींनो.

१९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉक्टरांनी एक काम केलं. त्याच वस्त्यांतल्या, किमान दहावी शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना चार आठवडे शिकवलं. तपासणी अशी की पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे आपल्या चायनीजच्या गाडीवर असतं त्या व्हिनेगरच्याच जातीचं. मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी पडते. उघड्या डोळ्यांनी दिसते. प्रयोगशाळा नको, मोठं यंत्र नको. दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्या. दीड लाख बायका या अभ्यासात होत्या. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. दहावी पास बाईच्या हातानं! मी मॅट्रिक आहे म्हणून हे वाचताना माझी मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू. उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ बायकांवर दुसरा अभ्यास झाला. २००९ मध्ये तो छापून आला. तिथं विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, आणि त्या गटात आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आज ही विषाणूची तपासणी बाई स्वतः करू शकते, दार लावून घेऊन, कापसाच्या काडीनं स्वतःच नमुना घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये याला मान्यता दिली. टाळेबंदीत डॉक्टर वस्तीवर येऊ शकत नव्हता. काडी येऊ शकली असती.

पण दोस्तांनो, या गौरवगाथेच्या पोटात काटा आहे, तो गिळून चालणार नाही. अशा अभ्यासात एका गटाला तपासतात, दुसऱ्याला नुसती माहिती देऊन सोडतात आणि दोन्हीकडचे मृत्यू मोजतात. एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरनं २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये लिहिलं की मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतल्या दिंडीगुल अशा तीन अभ्यासांत न तपासलेल्या गटांतल्या किमान २५४ बायका या कॅन्सरनं मेल्या. तपासणीचा उपयोग होतो हे गोऱ्या देशांना आधीच माहीत होतं. अभ्यास करणारे म्हणाले, इथं नाहीतरी कोणालाच तपासणी मिळत नव्हती. हे उत्तर नीट ऐका. आधी रांगेत उभं करायचं नाही, मग म्हणायचं, ही कुठं रांगेत होती?

गोदावरीच्या पलीकडचं खम्मम आठवा. २००९ मध्ये तिथं पाथ या अमेरिकन संस्थेच्या प्रकल्पात दहा ते चौदा वयाच्या आदिवासी-दलित मुलींना एचपीव्हीची लस टोचली. संमतीच्या कागदावर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या. काही मुली मेल्या. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. लस चांगली आहे, मी लसीच्या बाजूचा आहे. आता ती पुण्याच्या सीरममध्येही बनते. पण २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्या प्रकल्पाची जी सालटी काढली ती संमतीच्या चोरीसाठी. आपल्या मुलींच्या दंडाला जग मोकळं रान समजतं. म्हणून लसही हवी आणि सहीसुद्धा आईचीच हवी.

आणि साता समुद्रापलीकडची आपली एक बहीण, हेन्रिएटा लॅक्स. तंबाखूच्या शेतात राबणारी काळी बाई. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली, वय एकतीस. काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या वॉर्डात. तिला न विचारता डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा घेतला. त्या पेशी मेल्या नाहीत, आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. पोलिओच्या लसीच्या कामी त्या आल्या, कोरोनाच्या संशोधनातही आल्या. याच कॅन्सरचा विषाणू १९८० च्या दशकात शोधला गेला तेव्हा तो तिच्या पेशींतही सापडला, आणि त्या शोधाला २००८ साली नोबेल मिळालं. कुटुंबाला वर्षानुवर्षं पत्ताच नव्हता. २०२३ मध्ये एका कंपनीनं त्यांच्याशी तडजोड केली. बाईची गाठ अत्यावश्यक ठरली, बाई ठरली नाही.

ज्या ब्लॅक पँथरचं नाव आपण उचललं त्यांनी यावर काय केलं? नुसती बंदूक घेतलेला फोटो आपल्या भिंतीवर लावू नका. त्यांनी आपल्या वस्त्यांत फुकट दवाखाने उघडले. १९७१ मध्ये सिकलसेलची तपासणी घरोघर नेली, कारण काळ्यांच्या आजाराकडं गोऱ्यांचं सरकार बघत नव्हतं. सिकलसेल गडचिरोलीलाही माहीत आहे. पँथरनं पांढरा कोट घालायला कमीपणा मानला नाही. आपण का मानावा?

काम सांगतो, मग बसतो.

एक. चार खुणा तोंडपाठ करा आणि प्रत्येक सभेत, प्रत्येक जलशात माईकवरून सांगा. दोन पाळ्यांच्या मधे रक्त. संबंधानंतर रक्त. पाळी गेल्यावर रक्त. घाण वासाचं पाणी थांबत नाही. यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही. पोरांनीही सांगायचं, मान खाली न घालता.

दोन. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणून आशाताई दारोदार फिरल्या. ताप मोजला, ऑक्सिजन मोजला, आधीचे आजार विचारले. जिला कधी तपासलंच नाही ती कोणता आजार सांगणार? अवेळी रक्त जातं का, एवढा एक प्रश्न त्या कागदावर असता तर! पुढची साथ येईल तेव्हा तो असलाच पाहिजे. आणि आशाताईंचं काम वाढवताना त्यांचे पैसे वाढवा. २०२१ च्या जूनमध्ये राज्यातल्या सत्तर हजार आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं होतं, हे विसरून त्यांच्या डोक्यावर नवी पाटी ठेवू नका.

तीन. साथ असो, पूर असो, बंद असो, काय थांबू शकत नाही याची यादी प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारावर लागली पाहिजे. मराठीत, गोंडीत, माडियात, तेलुगूत. दारावरच्या शिपायालाही ती वाचता यावी. त्या यादीतल्या बाईला गाडी आणि पास सरकारनं द्यायचा.

चार. महात्मा फुल्यांच्या नावाच्या योजनेतून उपचाराचा खर्च निघतो. पण सहा-सात आठवडे नागपुरात राहायचं कुठं, सोबतच्या माणसानं खायचं काय, बुडालेली मजुरी कोण देणार? राहण्याची खोली आणि मजुरी ही उपचाराचाच भाग आहे. हे नसेल तर किरणांचं यंत्र गरिबाला लांबून दाखवण्यापुरतं.

पाच. व्हिनेगरची तपासणी उपकेंद्रापर्यंत आली पाहिजे, आणि ती करायला इथल्याच दहावी-बारावीच्या पोरी शिकवल्या पाहिजेत. पगारावर. सेवाभाव म्हणून नाही. कोणावर प्रयोग करायचा तर तिच्या भाषेत तिला विचारून, आणि नाही म्हणायचा तिचा हक्क मान्य करून.

जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये, भर कोरोनात, जाहीर केलं की २०३० पर्यंत शंभरातल्या नव्वद मुलींना लस, सत्तर बायकांची तपासणी आणि आजार निघालेल्या नव्वद जणींना उपचार मिळाले पाहिजेत. जग म्हणतं सत्तर, २०१९ ते २१ च्या सर्वेक्षणात आपण दोनावर होतो. मधल्या अडुसष्ट जणी कोण आहेत ते शोधायला जिनिव्हाला जावं लागत नाही.

इथून उठल्यावर घोषणा द्यायच्या त्या द्या. पण या आठवड्यात चौघं-चौघींनी आपापल्या भागातल्या दवाखान्यात जायचं. मुंबईवाल्यांनी मुंबईच्या, अहेरीवाल्यांनी अहेरीच्या. विचारायचं, गेल्या महिन्यात किती बायकांची ही तपासणी झाली, रजिस्टर दाखवा. दाखवलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. आकडा लिहून आणा. शून्य असेल तर शून्य आणा, मोठ्या अक्षरात. तेच आपल्या पहिल्या मोर्चाचं फलक.

जयभीम. जय सेवा.